बास आणि क्रॉपीसाठी एकच रॉड निवडताना

जॉर्डन लेकच्या आसपास वसंतात डॉगवूड फुलले की नॉर्थ कॅरोलिनातले जुने गरवणारे क्रॉपी या गोड्या पाण्यातल्या माशाच्या मागे लागतात. पाणी ६० अंश फॅरनहाइटच्या वर सरकले की क्रॉपी अंडी घालायला काठाजवळ येते, आणि त्याच सुमारास लार्जमाउथ बासही उथळ पाण्यात येऊ लागतो. एकाच सकाळी, एकाच जागेवरून दोन्ही मिळू शकतात. जवळच्या कॅरी शहरातल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये रॉडची रांग लावायला जागा नाही, म्हणून दोन्हीला चालेल असा एकच घ्यायचे मी ठरवले. मालवणला लहानपणी नुसती दोरी हातात धरून गरवलेले. रॉड आणि रीलचा हिशेब मात्र मुळापासून शिकावा लागला.

अडचण अशी की हे दोन मासे दोन टोकांना आहेत. क्रॉपीच्या तोंडाचा पडदा कागदासारखा पातळ असतो. जोरात झटका दिला की गळ फाडून बाहेर येतो. तिच्यासाठी जिग, म्हणजे शिशाचे डोके असलेले गळ, वापरतात ते १/३२ ते १/८ औंसांचे. बासचा जबडा टणक. त्याला जाड गळ रुतवायचा तर रॉडमध्ये ताकद हवी, आणि आमिषे सहज पाव-अर्ध्या औंसाची.

दुकानात बहुतेक जण ‘मीडियम’ पॉवरचा, म्हणजे मध्यम ताठपणाचा, रॉड हातात देतात. मी हँडलच्या वर छापलेले आकडे वाचायला लागलो आणि तिथेच बराच उलगडा झाला. मीडियम रॉडवर आमिषाचे वजन साधारण पाव औंसापासून सुरू होत होते. फेकताना आमिषाच्या वजनाने रॉडचे टोक मागे वाकते आणि ते सरळ होताना आमिष पुढे जाते. १/१६ औंसाच्या जिगने कडक टोक वाकतच नाही, मग जिग पुढ्यातच पडतो. उलट, सगळ्यात लवचीक अशा अल्ट्रालाइट रॉडने जिग सुरेख जातो, पण बास बुडालेल्या झाडात शिरला की त्याला वळवायला दम उरत नाही.

म्हणून मी हलक्या बाजूने सुरुवात केली. सगळ्यात हलके आमिष कोणते फेकणार, हे आधी ठरवायचे आणि बासची बाजू रीलच्या ड्रॅगवर, म्हणजे मासा जोरात ओढू लागला की लाइन आवरत सोडणाऱ्या ब्रेकवर, सोपवायची. घेतला तो साडेसहा फुटी, दोन तुकड्यांचा, मीडियम-लाइट ग्रॅफाइट रॉड. आमिषाचे वजन १/१६ ते ३/८ औंस, लाइन ४ ते १० पौंडांचा ताण सोसणारी. अ‍ॅक्शन मॉडरेट-फास्ट, म्हणजे वरचा तिसरा हिस्सा वाकतो. एकदम फास्ट टोकाने क्रॉपीचे तोंड फाटायची भीती जास्त.

रील स्पिनिंगचेच, म्हणजे ज्यात लाइन गुंडाळलेला स्पूल फेकताना स्थिर राहतो. बेटकास्टिंगवर स्पूलच फिरतो; तिथे इतके हलके आमिष फेकले की स्पूल आमिषापेक्षा पुढे धावतो आणि लाइनचा गुंता होतो. माप २०००, म्हणजे लहान. रॉडला लावून एका बोटावर तोल पाहिला. तो हँडलच्या जवळ आला की दिवसभर मनगट दुखत नाही. या व्यवहारात मी सर्वांत जास्त वेळ दिला तो ड्रॅगला. हाताने लाइन ओढून पाहायची: सुरुवातीला अडखळून मग सुटणारा ड्रॅग बारीक लाइन तोडतो. तो पहिल्या इंचापासून सलग सुटला पाहिजे. जास्तीच्या बेअरिंगपेक्षा या एका गोष्टीसाठी पैसे मोजावेत, असे माझे ठाम मत आहे.

लाइनसाठी दोन स्पूल ठेवले आणि एका रॉडचे जणू दोन झाले. एकावर ६ पौंडी मोनो, म्हणजे नायलॉनची एकेरी लाइन. ती ताणते, त्यामुळे क्रॉपीच्या तोंडाला धक्का कमी बसतो. दुसऱ्यावर १० पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेली लाइन, आणि तिच्या टोकाला ८ पौंडी फ्लोरोकार्बनचा लीडर म्हणजे छोटा तुकडा, डबल युनी गाठीने जोडलेला. ब्रेड ताणत नाही, म्हणून लांबवरच्या बासलाही गळ नीट लागतो. मोनोवर ड्रॅग दीड ते दोन पौंडांना सुटेल असा बसवतो. बॅगा मोजायच्या हातकाट्याला लाइन बांधली की आकडा समोर दिसतो.

फॅरिंग्टन रोडच्या पुलाच्या खांबांजवळ क्रॉपी बसतात. तिथे मी जिग सावकाश खाली सोडतो. क्रॉपी बहुधा खालून वर येऊन घेते, त्यामुळे कधी धक्का लागतच नाही, लाइन नुसती सैल पडते. अशा वेळी रॉड फक्त उचलायचा. बाससाठी आमिषे म्हणजे छोटा नेड रिग (हलक्या जिगवर छोटे मऊ प्लास्टिक), इनलाइन स्पिनर (फिरत्या पात्याचे) किंवा तीन इंची ग्रब (मऊ प्लास्टिकची अळी). गळ बारीक तारेचा आणि उघडा ठेवला की मीडियम-लाइट रॉडही तो पुरेसा रुतवतो.

दाट गवतावर बेडकाचे आमिष ओढणे किंवा अर्ध्या औंसाचा जिग झुडपात टाकणे या रॉडचे काम नाही. त्याला मीडियम-हेवी रॉड आणि जाड ब्रेडच लागते. ज्याला मुख्यतः तशा जागी बास धरायचा आहे, त्याने एकाच रॉडचा नाद सोडावा. काठावरून किंवा छोट्या होडीतून दोन्ही मासे हवे असतील, तर मी हीच जोडी पुन्हा घेईन. आणि वय १६ किंवा जास्त असेल तर गळ टाकण्याआधी राज्याचा परवाना काढावा; तो ऑनलाइन मिळतो.