काळं कुंकू

मेच्या दुपारी लातुरात माणसाच्या हातात फारसं काही नसतं. कूलरमध्ये पाणी घालायचं, संपलं की पुन्हा घालायचं, आणि टँकरचा दिवस असेल तर कान रस्त्याकडे ठेवायचे. अशाच एका दुपारी मावसभावानं व्हॉट्सॲपवर सदुसष्ट फोटो टाकले. जूनमध्ये मावशीची पंचाहत्तरी. "तुला येतंय ते, जरा नीट करून दे." आमच्या घराण्यात कॉम्प्युटर चालू-बंद करता येणाऱ्या माणसावर दहावीच्या निकालापासून सातबारापर्यंत सगळंच येऊन पडतं, त्यामुळे मी काही बोललो नाही. मावशीकडेच जाऊन बसलो. तिचा कूलर मोठा आहे.

फोटो काय होते! एकात ट्यूबलाइटचा हिरवट उजेड, एकात मांडवाचा पिवळा, आणि एकात नातीच्या मोबाइलनं मावशीला परस्पर गोरी-गुलाबी करून टाकलेली. सगळे शेजारी शेजारी ठेवले तर गुरुवारचा बाजार. मग मी माझा जुना नाद केला. सगळे काळेपांढरे करायला घेतले.

आता हे करायला एक सोपं बटण असतं, डीसॅच्युरेट नावाचं. मला त्याचा राग आहे. ते लाल, हिरवा, निळा यांतला सगळ्यात उजळ आकडा आणि सगळ्यात मंद आकडा घेतं आणि दोघांच्या मधला काढून मोकळं होतं. म्हणजे भडक लाल, भडक हिरवा आणि भडक निळा, तिघांनाही एकच राखाडी. हिरव्या साडीचे लाल काठ कुठं गेले म्हणून शोधत बसा. त्यापेक्षा फोटोशॉपमधला ग्रेडियंट मॅप शहाणा. तो हिरव्याला साधारण ५९ टक्के वजन देतो, लालला ३०, निळ्याला ११, कारण माणसाच्या डोळ्यालाही हिरवाच जास्त उजळ वाटतो. या हिशेबानं फोटोतला एकेक ठिपका ० ते २५५ पर्यंत कुठं बसतो ते ठरतं आणि त्या जागी हाताखालच्या पट्टीतला रंग येतो. पट्टीच्या डाव्या टोकाला काळा, उजव्याला पांढरा ठेवला की झालं. डावीकडे चहाचा तपकिरी आणि उजवीकडे सायीचा रंग ठेवला तर कालचा फोटो पन्नास वर्षांपूर्वीचा होतो. (हे मी फार वेळा केलेलं आहे. लोक फसतात.)

एक गोम आहे. ही पट्टी त्या वेळी निवडलेले दोन रंग उचलते, आणि ते उलटे असतील तर सगळंच उलटं होतं. आधी डी दाबून ते जागेवर आणायचे असतात. मी विसरलो, आणि नेमकी त्याच वेळी मावशी चहा घेऊन आली.

"आगं माय! हे कोण रे?"

पडद्यावर मावशीच होती, पण निगेटिव्ह. बुबुळं पांढरी, दात काळे. मावशीनं चष्मा नीट केला, वाकून बघितलं.

"केस चांगले काळे आलेत की. तेवढे राहू दे."

मी पट्टी उलटवली. रीतसर काळीपांढरी मावशी आली, अगदी देखणी, सुरकुत्यांसकट. आता मात्र ती खरंच चिडली.

"जित्या माणसाला असं करायलास व्हय? असले फोटो चौकात लागतेत. भावपूर्ण श्रद्धांजली लिहून."

यावर काय बोलणार? आमच्याकडे वाढदिवसाचा आणि दहाव्याचा फ्लेक्स एकाच दुकानात होतो. फोटोही बहुतेक वेळा तोच असतो, पांढरा सदरा, गळ्यात पंचा. दुसऱ्या खेपेला त्यातला फक्त रंग काढलेला असतो.

त्या सदुसष्टांत एक फोटो आधीपासूनच काळापांढरा होता. तुळजापूरचा. आई भवानीचं दर्शन झाल्यावर कुठल्याशा स्टुडिओत काढलेला. मागच्या पडद्यावर रंगवलेला बंगला आणि तळं, पुढे खुर्चीत आजी. खुर्ची उंच, आजी ठेंगणी, त्यामुळे पाय जमिनीला टेकलेले नाहीत. शेजारी सात-आठ वर्षांची मावशी. तिनं आजीचा पदर मुठीत असा पिळून धरलाय की चुण्या अजून दिसतात. आणि आजीच्या कपाळावर बंद्या रुपयाएवढं काळंकुट्ट कुंकू.

लहानपणी आजोळी हा फोटो कोनाड्याच्या वर टांगलेला असायचा आणि माझी पक्की समजूत होती की आजी पूर्वी काळं कुंकू लावत असे. काजळाचं असेल. कुणाला विचारलं नाही. पुढे कळलं की सुरुवातीच्या काचेच्या प्लेटांना आणि फिल्मांना लाल रंग दिसतच नसे. लाल तेवढं काळं. म्हणूनच डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा. कागदाच्या लेखी तिथं अंधारच असायचा. लाल दिसणाऱ्या फिल्मा नंतर आल्या, पण गडद लाल कुंकू त्यांतही काळपटच उतरायचं. तीस टक्क्यांचा धनी तो, किती उजळणार?

पण मला वाटतं, माझी समजूत नुसती त्या फोटोनं झालेली नव्हती. आजोळचं घर माळवदाचं. दोन हात रुंदीच्या भिंती, वर माती, खिडकी म्हणावी अशी एकही नाही. उजेडासाठी माळवदाला एक भोक, सानं. दुपारी त्यातून उन्हाचा एक खांब खाली यायचा आणि सारवलेल्या जमिनीवर ताटाएवढा गोल पडायचा. गोलाच्या मधोमध डोळे दिपायचे, कडेला पिवळसर, मग धुरकट, आणि कणगीपाशी गेलं की काहीच दिसायचं नाही. आजी त्या अंधारात शेंगा फोडत बसलेली असायची. राखाडी लुगडं, राखाडी हात, काळं कुंकू. पाणी प्यायला उठली की ती उन्हातून जायची आणि एका पावलापुरती हिरवी-लाल व्हायची. दुसऱ्या पावलाला पुन्हा राखाडी. उजेड कमी झाला की डोळ्यालाही आधी लालच दिसेनासा होतो, हे मी फार उशिरा वाचलं. आम्ही पोरं तिला मुद्दाम पाणी मागायचो. ती शिव्या देत उठायची.

हाच खेळ पुढे एकदा अजिंठ्याला बघितला. शाळेची सहल होती. एक नंबरच्या लेण्यात आत अंधार. बाहेरून एका माणसानं आरशानं ऊन आत टाकलं आणि भिंतीवरच्या पद्मपाणीचं कमळ दिसलं. सर काहीतरी सांगत होते. मला तिथंही आजीच आठवली, पण हे सांगायला चांगलं वाटत नाही. कॉलेजात ग्रंथालयात अजिंठ्याचे जाडजूड खंड हाती आले, हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याच्या गुलाम याझदानींनी १९३० ते १९५५ या काळात काढलेले. त्यात रंगीत चित्रांच्या जोडीला एकरंगीही होती. मी एकरंगीच जास्त वेळ बघितली. नाद तेव्हापासूनचा असावा.

ते माळवद आता नाही. आमचं गाव किल्लारीपासून फार लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आमच्याकडे एक भिंत गेली, माणसं वाचली. पण दगडमातीखाली झोपायची हिंमत नंतर कुणाला झाली नाही. माळवद उतरवलं, पत्रे घातले. पत्र्यात सानं ठेवत नाहीत.

ग्रेडियंट मॅपचं बरं असतं. तो फोटोवर वेगळा थर म्हणून बसतो. शेजारची डोळ्याची खूण बंद केली की खाली रंग जिथल्या तिथं. मी मावशीचे सगळे थर बंद केले. ती ट्यूबलाइटखाली हिरवी, मांडवात पिवळी, मोबाइलमध्ये गुलाबी झाली आणि समाधानानं म्हणाली, "हां. आता जितं वाटायलंय."

मग तुळजापूरचा फोटो उघडला. तिथं बंद करायला थर नाही. त्या राखाडीच्या मागे हिरवा असेल, जांभळा असेल, तांबडाही असेल. वजन सारखं भरलं की सगळ्यांचं राखाडी एकच.

"मावशी, आजीचं हे लुगडं कसल्या रंगाचं होतं गं?"

"हिरवं."

चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा बघितलं. मुठीतला पदर तिचाच.

"हिरवंच असंल. का जांभळं होतं? आक्काला ठाऊक असतं."

आक्का म्हणजे माझी आई. ती जाऊन सहा वर्षं झाली.

"त्यात रंग भरता येतोय का रे?"

"येतो. पण कुठला भरू?"

"हिरवा भर न्हाई तर जांभळा भर," मावशी कपबशी उचलत म्हणाली. "कोण इचारायलंय आता."