तुम्ही विचारलंत म्हणून : पुढचा अ‍ॅक्सल तगडा करून घेऊ का?

आठवड्याला एक तरी फोन असतो. "दादा, जिप्सीला एकतीसचे टायर चढवलेत. आता पुढचा अ‍ॅक्सल जरा तगडा करून द्या की." टायर आधी, अ‍ॅक्सल नंतर. हा क्रम कधी चुकत नाही. मी कोल्हापुरात उद्यमनगरात फॅब्रिकेशनचं काम करतो, घरची २००४ ची मारुती जिप्सी किंग आहे, आणि तिचा पुढचा अ‍ॅक्सल मी दोनदा बिघडवलाय. एकदा गाडी चालवून, एकदा वेल्डिंग मारून. त्यामुळे फोनवर दोन वाक्यांत उत्तर देणं मला जमत नाही.

आधी टायरचा हिशोब करू. जिप्सीचा मूळचा २०५/७० आर १५ टायर साधारण ६६८ मिलिमीटर उंच. ३१ इंची म्हणजे ७८७. उंची अठरा टक्के वाढली, पण अ‍ॅक्सल जमिनीपासून वर गेला फक्त साठ मिलिमीटर, कारण वाढीतला निम्माच भाग त्याच्या खाली येतो. म्हणजे तीन-चार बोटं. त्यासाठी पाटे (लीफ स्प्रिंग) उंच करायचे, मडगार्ड कापायचं, आणि स्पीडोमीटर ६० दाखवत असताना ७० ने पळायचं. दर चाकाला दहाएक किलो वजन वाढतं ते वेगळंच, आणि ते थांबवायला ब्रेक मात्र जुनेच.

आता पीळ. नट सुटला नाही की आपण पान्याला पाइप लावतो. मोठा टायर म्हणजे तोच पाइप, फक्त त्याचं दुसरं टोक दगडाने धरलंय. साधा टायर अशा वेळी घसरतो. लोक त्याला नावं ठेवतात, पण घसरतो तेव्हा तो अ‍ॅक्सल वाचवत असतो. खोल खाचांच्या मड टायरची हवा पंधरा पीएसआयवर उतरवली की तो दगडाला चिकटून बसतो आणि सगळा पीळ आत जातो.

आत म्हणजे कुठे, हे मला गगनबावड्याच्या बाजूच्या एका ओढ्यात कळलं. उजवं चाक दोन दगडांच्या बेचक्यात, स्टिअरिंग डावीकडे पूर्ण कापलेलं, लो गिअर, आणि वरून मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. आवाज अगदी लहान झाला, अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा. नकल म्हणजे स्टिअरिंगबरोबर चाक वळवणारा भाग, त्याच्या आतला जॉइंट गेला होता. या जॉइंटमध्ये एक वाटी असते आणि तिच्यात सहा गोळ्या. चाक सरळ असताना सहाही गोळ्या भार वाटून घेतात. चाक पूर्ण वळलं की वाटणी बिघडते, भार एक-दोन गोळ्यांवर येतो आणि वाटीची कड फुटते. तुटलं तर तुटलं, टू-व्हीलवर टाकून घरी जाऊ म्हटलं, तर फुटलेला तुकडा नकलमध्ये अडकून स्टिअरिंगच जाम. भर पावसात नकल उघडला आणि काळ्या ग्रीसमध्ये हात घालून एकेक गोळी शोधली. पाच सापडल्या. सहावी ओढ्याला गेली.

परत आल्यावर कुणीही म्हणेल तेच मीही म्हणालो: बाहेरून मागवायचा भारी स्टीलचा जॉइंट. मग कागदावर मांडून बघितलं. जॉइंट तुटायचा थांबला तर पीळ काही नाहीसा होत नाही, तो मागे सरकतो आणि क्राऊन-पिनियनचे, म्हणजे इंजिनचा जोर चाकांकडे वळवणाऱ्या मधल्या गिअरजोडीचे, दात खातो. जॉइंट मी दोन तासांत रस्त्यात बदलतो, एक जोड मागच्या पेटीत पडलेला असतो. क्राऊन-पिनियन रानात कोण बसवणार? म्हणून जॉइंट मी मूळचाच ठेवला. गाडीत काहीतरी तुटणारच असेल तर ते स्वस्त आणि हाताशी असलेलं तुटावं. तगडं करून मागणाऱ्याला हे पटवणं अवघड जातं.

मग तगडं करण्यासारखं काय? अ‍ॅक्सलची नळी. म्हणजे चाकं फिरवणारे दांडे जिच्या आतून जातात ती. गाडी खड्ड्यात आदळली की टायर नळीची टोकं वर ढकलतात आणि पाटे आतून खाली दाबतात, त्यामुळे टोकं वर उचलली जातात. चाकांचे माथे आत झुकतात, टायर आतल्या कडेला झिजतात. ऑइलसील गळायला लागतं, गिअर ऑइल नकलमध्ये उतरतं, आणि तिथलं घट्ट ग्रीस पातळ होऊन बाहेर ओघळतं. तो उग्र वास एकदा घेतलेला माणूस विसरत नाही. घरी तपासायचं असेल तर सपाट फरशीवर गाडी उभी करा, चाकाशेजारी ओळंबा सोडा, रिमची वरची आणि खालची कड दोरीपासून किती लांब ते मोजा. त्याआधी चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ असेल तर दोष बहुतेक किंगपिनच्या (नकल ज्या खिळीवर वळतो तिच्या) किंवा चाकाच्या बेरिंगचा असतो, आणि नळी बिचारी उगाच बदनाम होते.

नळीवर नुसती आडवी पट्टी चिकटवून फारसं होत नाही. फुटपट्टी आडवी धरून दाबा, वाकते. उभी धरा, वाकत नाही. म्हणून पट्टी उभी लागते. पण ती उभी करताना पाटे पूर्ण दबल्यावर इंजिनच्या चेंबरला (खालच्या ऑइलच्या भांड्याला) लागणार नाही ना, हे बघायला लोक विसरतात. मी नाही विसरलो. मी दुसरीच चूक केली.

सहा मिलिमीटरची पट्टी कापली, नळीवर बसवली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग टाका ओढला. दिसायला झकास. शेजारच्या शेडमधले वेल्डर मामा चहाचा कप घेऊन आले आणि बघतच राहिले. "एका बाजूनं सलग वडत बसलास व्हय? गार हू दे, केळ्यागत वाकंल." संध्याकाळी गार झाल्यावर मोजलं, टोकं तीन मिलिमीटर वर. वेल्डिंग गार होताना आक्रसतं आणि लोखंडाला आपल्याकडे ओढतं. म्हणजे दगडांनी वाकवू नये म्हणून जी नळी मजबूत करत होतो, ती मीच त्याच दिशेला वाकवली. मामांनी उलट्या बाजूला गॅसने तापवून, थांबून, पुन्हा तापवून ती दोन दिवसांत सरळ केली. पैसे घेतले नाहीत, पण ती गोष्ट आजही आल्या-गेल्याला सांगतात.

आता मी इंच-इंचाचे टाके मारतो. एक इकडे, एक तिकडे, मध्ये हात लावण्याइतकं गार होऊ देतो. सील आधीच काढतो, ऑइल उतरवतो, बॅटरीची वायर सोडतो. अर्थिंगचा चिमटा टाक्याच्या जवळच नळीवर लावायचा. लांब कुठे चाकावर लावला तर करंट बेरिंगमधून जातो आणि बेरिंग खराब करतो. नळीच्या टोकाला जो गुळगुळीत गोळा असतो, त्यावर ओलं फडकं गुंडाळायचं. त्याच्यावर ठिणगीचा एक दाणा चिकटला तरी नकलचं सील कापलं जातं.

बाहेर पसरलेल्या रिमांबद्दल एवढंच: चाक जितकं बाहेर, तितका किंगपिनच्या बेरिंगवर जोर. आणि कायद्याचंही विचारता म्हणून, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या फेरफारांबद्दलचं कलम ५२ वाचा, मग मडगार्ड कापा.

मागच्या रविवारी एक जण असाच आला. त्याच्या गाडीला ओळंबा लावला, नळी सरळ निघाली. किंगपिनच्या चारही बेरिंग बदलल्या, टोकांना छोटे त्रिकोणी आधार मारले, आणि ३१ ऐवजी २३५/७५ घाल म्हणून सांगितलं, अ‍ॅक्सल ३३ मिलिमीटर तरी उचलतो. त्याने ऐकलं. टायर बसवून झाल्यावर चार पावलं मागे जाऊन गाडीकडे बघत उभा राहिला.

"दादा, बारके वाटायलेत की."

वाटतात खरे.