टाइल्स नाहीत, मग भिंत भिजत नाही का?

आमच्याकडे मुक्कामाला आलेलं माणूस आंघोळ करून बाहेर आलं की विचारतंच, "बाथरूमला टाइल्स लावल्या नाहीत? मग पाणी मुरत नाही?" आता तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यातलं, जांभ्याच्या चिऱ्यांचं. पाऊस वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर. जांभा सच्छिद्र, पावसाळाभर तो बाहेरून पाणी पितो आणि दिवाळीनंतर सावकाश सोडतो. आतून टाइल्स चिकटवल्या की ही ओल कोंडते. आमच्या टाइल्सवर बोटाने वाजवलं तर पोकळ आवाज यायचा. सांधे कितीही घासले तरी काळेच. शेवटी एका पावसाळ्यात शॉवरखालच्या दोन ओळी सुटून पडल्या. त्याच घरात मागच्या दारी आजीची न्हाणी आहे, बंबाच्या धुराने काळवंडलेली. तिचा कमरेपर्यंतचा घोटीव चुन्याचा गिलावा मात्र शाबूत होता. तो बघूनच माझा विचार फिरला. आंघोळीचं पाणी भिंतीत शिरू द्यायचं नाही हे खरं, पण भिंतीत आधीच असलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटही ठेवायला हवी.

त्यामुळे इपॉक्सी रंग, म्हणजे प्लास्टिकसारखा घट्ट, वाफही न सोडणारा थर, मी पहिल्यांदा बाद केला. मागून ओल आली की त्याला फोड येतात. विटांचा फ्लॅट असेल, बाहेरची भिंत कोरडी असेल आणि सिमेंटचा गिलावा महिनाभर वाळलेला असेल, तर खुशाल लावा. मायक्रोसिमेंट, म्हणजे सिमेंट आणि पॉलिमरचा पातळ लेप, दिसायला फार सुंदर, 2-3 मिलिमीटरमध्ये काम होतं. पण पाणी अडवतं ते वरचं सीलर, आणि ते काही वर्षांनी पुन्हा मारावं लागतं. जिप्सम किंवा पीओपी कुणी सुचवलं तर अजिबात ऐकू नका. ते पाण्यात विरघळतं. लिटरला दोनेक ग्रॅमच, पण रोजच्या आंघोळीला तेवढं पुरतं.

उरला चुना. मोरोक्कोत, माराकेशच्या हमामांमध्ये, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघरांत, ताडेलाक्त नावाचं काम करतात. चुन्याचा गिलावा ओलसर असतानाच गुळगुळीत गोट्याने घोटायचा आणि मग त्यावर ऑलिव्ह तेलाचा मऊ काळा साबण चोळायचा. साबण आणि चुना मिळून पाण्यात न विरघळणारा नवा पदार्थ तयार होतो. बोअरच्या जड पाण्यात साबण वापरला की बादलीच्या कडेला चिकट पांढुरका थर बसतो ना, त्याच जातीचा. बादलीवर तो आपल्याला नकोसा वाटतो, पण भिंतीच्या बारीक छिद्रांत जाऊन बसला की पाण्याचे थेंब वरून ओघळून जातात, आणि वाफेला वाट उरते. राजस्थानातलं आराइश हे चुन्याचं घोटीव काम याच्याच नात्यातलं. तिथे चुन्यात संगमरवराची भुकटी घालतात आणि अकीक या गुळगुळीत दगडाने घोटतात.

आमचा पहिला प्रयत्न फसला. एप्रिलमध्ये काम काढलं, खिडकीतून गरम वारा येत होता, गिलावा भराभर सुकला आणि सकाळी केसासारख्या भेगांचं जाळं दिसलं. सगळं खरवडून काढलं तेव्हा फार वाईट वाटलं. पुन्हा केलं ते मार्गशीर्षात, खिडकीला ओलं गोणपाट बांधून. या कामात सांधा चालत नाही. एक भिंत एका दमात संपवावी लागते, म्हणून गवंडीकाका थापी मारत पुढे आणि मी गोटा घेऊन मागे. चुना भिजवून कित्येक महिने मुरवलेला होता. घाई केली असती तर न विरलेले कण नंतर फुगून भिंतीतून उडाले असते. साबण दुसऱ्या दिवशी लावला. त्यानंतर महिनाभर त्या भिंतीवर पाण्याचा थेंब पडू दिला नाही.

हे सगळं वरच्या काही मिलिमीटरचं. गळती बहुतेक कोपऱ्यातून आणि नळाच्या जोडातून येते. म्हणून गिलाव्याआधी पाइपांत दाब देऊन रात्रभर बघा. जमीन आणि भिंत जुळते तिथे चांगला गोल वाटा मारून घ्या, म्हणजे कोपरा गोलाईने भरून घ्या, आणि जमिनीचा उतार स्वतः पाणी ओतून तपासा. घरात बालदी-तांब्याने आंघोळ होत असेल तर तीन-साडेतीन फुटांपर्यंतच शिंतोडे उडतात. तेवढ्याच भागाला घोटीव काम पुरतं, वर साधी चुन्याची सफेदी. शॉवर असेल तर सात फुटांपर्यंत जा. हात आखडता घ्यायचा असेल तर रंगासाठी ऑक्साइड घालून घोटलेलं सिमेंटही चांगलं टिकतं. कोब्यासारखंच, फक्त भिंतीवर.

एक गोष्ट मात्र घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा: अ‍ॅसिड नको. चुना असो की सिमेंट, अ‍ॅसिड दोन्ही खातं. व्हिनेगर, लिंबूसुद्धा नको. मऊ फडकं आणि साबणाचं पाणी, बस. आमच्याकडे मावशींना हे सांगायचं मी विसरले होते. त्यांनी मनापासून स्वच्छता करावी म्हणून संडास साफ करायच्या द्रावणाची बाटली भिंतीवर ओतली. नळाच्या डावीकडे तळहाताएवढा खरखरीत पांढरा डाग पडला. पुन्हा घोटला, साबण लावला, तरी तो वेगळा दिसतोच. पाणी तिथूनही आता आत शिरत नाही, पण हात फिरवलात तर फरक कळेल.