तुम्ही विचारलंत म्हणून: पण वाचतं कोण ते?

हा प्रश्न मला पहिल्यांदा आमच्या छापखानेवाल्याने विचारला होता, मग बायकोने. परवा एका लग्नात पंगतीत शेजारी बसलेल्या पाहुण्यांनी विचारला. जिलबी येत होती, त्यामुळे त्यांना नीट उत्तर देता आलं नाही.

‘ते’ म्हणजे आमच्या रोटरी क्लबचं साप्ताहिक पत्रक. पूर्वी एक कागद मधोमध दुमडून चार पानं व्हायची, आता पीडीएफ करून व्हॉट्सॲपवर टाकतो. नऊ वर्षं मी त्याचा संपादक आहे. म्हणजे वार्ताहर मी, मुद्रितशोधक मी आणि बोलणी खाणाराही मीच. सभा गुरुवारी संध्याकाळी साडेसातला, म्हणून पत्रक बुधवारी रात्री जेवणं झाल्यावर, ओट्याशेजारच्या टेबलावर. मागच्या सभेचा वृत्तांत, वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस, पुढचा वक्ता, पुढचे उपक्रम.

खरं सांगायचं तर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत कोणीच वाचत नाही. जो तो आपलं नाव शोधतो. लग्नाच्या वाढदिवसाची तारीख चुकली की मात्र सकाळी सातला फोन येतो, तोही बहुधा वहिनींचा.

पण माझं काम नाव शोधण्यावरच चालतं. ग्रुपवर ‘रविवारी पोलिओ बूथला कोण येणार?’ असं टाकलं की सतरा अंगठे उमटतात आणि बसस्टँडवर तिघं उगवतात. तेच पत्रकात ‘बसस्टँड बूथ, सकाळी ८’ असं लिहून पुढे पाच नावं छापली, तर पाचातले चार येतात. पाचवा निदान कारण कळवतो. म्हणून झालेल्या कार्यक्रमाला मी चार ओळी देतो आणि व्हायच्या कार्यक्रमाला अर्धं पान. हार-तुऱ्यांचे फोटो शेवटी, जागा उरली तर. यावरून अध्यक्षांशी दरवर्षी माझं एकदा वाजतं. अध्यक्ष १ जुलैला बदलतात, वाद तोच राहतो.

दर आठवड्याला भेटायचं खूळ जुनं आहे. १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस आणि त्याचे तीन सोबती पाळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत जमू लागले, त्या फिरतीवरून रोटरी हे नाव पडलं. आपल्या भिशीसारखंच, फक्त चिठ्ठी निघत नव्हती. २०१६ पासून महिन्यातून दोनदा भेटलं तरी चालतं. आमच्याकडे तसा प्रस्ताव आला तेव्हा सगळ्यांत ज्येष्ठ सदस्य उठून म्हणाले, “पंधरा दिवसांनी यायला आपण काय एकादशी आहोत?” प्रस्ताव तिथेच बारगळला.

पोलिओचं काम रोटरीने १९८५ पासून अंगावर घेतलंय. भारतातला शेवटचा नैसर्गिक विषाणूचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला आणि २०१४ च्या मार्चमध्ये आपल्याला पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला. तरी बूथ लागतात, कारण शेजारी पाकिस्तान-अफगाणिस्तानात तो विषाणू अजून आहे. बूथवर आमच्याकडे टेबल मांडणं, आयांना हाका मारणं आणि बाळाच्या डाव्या करंगळीवर शाई लावणं एवढंच. थेंब आशाताई पाजतात.

पत्रक वाचलं जातं हे मला एका चुकीमुळे कळलं. मे महिन्यातलं रक्तदान शिबिर. उन्हाळ्याच्या सुट्टीत रक्ताचा तुटवडा असतो, म्हणून आम्ही मुद्दाम मे धरतो. मी झोकात छापलं, ‘६३ जणांचे रक्तदान’. गुरुवारी सकाळी आमच्या एका डॉक्टर सदस्य बाईंचा फोन. “त्रेसष्ट ही नोंदणी झाली. पिशव्या सत्तेचाळीस. सोळा जण परत गेले, त्यांचं काय लिहिलंत?”

काहीच लिहिलं नव्हतं. पण त्यातली एक मुलगी मी पाहिली होती. दाता निवडताना बोट टोचून रक्ताचा एक थेंब निळ्या पाण्यात सोडतात. ते निळं पाणी म्हणजे मोरचूद, आमचे द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रणात घालतात तेच. हिमोग्लोबिन साडेबारा किंवा वर असेल तर थेंब सरळ तळाला जातो. कमी असेल तर मध्येच रेंगाळतो किंवा वर येतो. ही कॉलेजातली मुलगी, मैत्रिणींबरोबर हौसेने आलेली. तिचा थेंब अर्ध्यावर थांबला आणि हळूहळू वर आला. तिने तंत्रज्ञाला विचारलं, “बुडला नाही म्हणजे चांगलं ना, दादा?”

दादांनी मान हलवली, बिस्किटाचा पुडा हातात दिला आणि पुढच्याला बोलावलं.

पुढच्या अंकात मी दुरुस्ती छापली: ‘पिशव्या ४७. परत पाठवलेले १६, पैकी १३ महिला.’ अध्यक्षांना ते रुचलं नाही, प्रांतपालांची, म्हणजे आमच्या भागातल्या रोटरी क्लबांच्या प्रमुखांची, भेट तोंडावर आली होती. पण त्या गुरुवारी वृत्तांत बाजूला राहिला आणि तेराचा आकडाच चघळला गेला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९-२१ च्या, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं होतं, हे डॉक्टरबाईंनी सांगितलं. कोणी म्हणालं, लोखंडी कढया वाटू. कोणी म्हणालं, आधी तपासा तरी. कढयांचा फोटो छान आला असता, हे मीही मान्य करतो. शेवटी तपासणी ठरली. कॉलेजात मुलींचं हिमोग्लोबिन बघायचं, कमी निघेल तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायचं आणि तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं. पत्रकात पाच नावं छापली, पहिलं माझं. दुसऱ्या फेरीला निम्म्याच मुली आल्या, तेही छापलं.

काल रात्री अंक लावत होतो तर एका सदस्याचा फोन. “रविवारच्या यादीत माझं नाव घेऊ नका हं, साडूकडे वास्तुशांत आहे.”

“अंक गेला हो,” मी म्हणालो. गेला नव्हता.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, “वास्तुशांत तशी बाराची आहे. आठ ते दहा येतो.”