माझं बिंग फुटलं ते कॉर्टिसॉलच्या रिपोर्टने

बायकोला माहीत नव्हतं, आईला नव्हतं, कंपनीत तर कुणालाच नाही. मणक्याची गादी सरकली म्हणून ट्रामाडॉल ही दुखण्याची गोळी सुरू झाली होती, दुखणं गेलं पण गोळी राहिली, २०१८ ला ती एनडीपीएसमध्ये, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात आली तरी ओळखीचा मेडिकलवाला होताच, दोनाच्या आठ कधी झाल्या कळलंच नाही. नंतर नंतर उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी, अंगात त्राण नाही, वजन उतरलेलं. डॉक्टरांनी थायरॉइड केलं, नॉर्मल. मग सकाळी आठचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, ते फारच कमी आलं. "स्टिरॉइड घेता का?" नाही म्हटलं. "मग दुखण्याची गोळी? किती?" आणि मला रडूच फुटलं.

किडनीवर टोपीसारख्या ॲड्रिनल ग्रंथी असतात, त्यांना कॉर्टिसॉल बनवायची ऑर्डर मेंदूतून येते, आणि ट्रामाडॉलसारखं अफूच्या जातीतलं औषध रोज पोटात गेलं की ती ऑर्डरच दबते. एवढं समजल्यावर मी काय करावं, तर घरी येऊन सगळ्या गोळ्या कमोडमध्ये टाकल्या. शहाणपणाचा झटका, दुसरं काय. ज्यांनी टर्की, म्हणजे नशा तोडल्यावरचा त्रास, काढलीय त्यांना सांगायला नको, जांभया, नाकाडोळ्यातून पाणी, जुलाब, पायात असे गोळे की भिंतीला लाथा माराव्यात. पण खरी भीती छातीतल्या धडधडीची वाटत होती. इतकी वर्षं दाबून ठेवलेली स्प्रिंग सुटते म्हणे, कॉर्टिसॉल आणि नॉरॲड्रेनालिन ही ताणाची दोन्ही हार्मोन्स उसळतात.

तिसऱ्या दिवशी मेव्हण्याने उचलून सायकियाट्रीच्या ओपीडीत नेलं. धडधडीसाठी क्लोनिडिन दिलं, त्याने बीपी उतरतो म्हणून हळू उठायचं. आणि जिभेखाली ब्युप्रेनॉर्फिन, तेही अफूच्याच जातीतलं, ते टर्की चांगली लागल्यावरच देतात, आधी दिलं तर टर्की उलट जोरात येते. मी म्हटलं, एक गोळी सोडून दुसरी कशाला? डॉक्टर म्हणाले, तुमची गोळी दिवसातून चारदा चढते-उतरते, प्रत्येक वेळी शरीराला धक्का, ही एकसारखी राहते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर या संशोधन संस्थेत १९६४ पासून मेथाडोन या अशाच औषधावर काम झालं, तिथे मेरी जीन क्रीक या संशोधक बाईंनी दाखवलं की डोस स्थिर राहिला की स्ट्रेसची हार्मोन्स हळूहळू ताळ्यावर येतात. मला ते नाव पाठच झालंय.

हळूहळू म्हणजे किती हळू ते मात्र कोणी सांगत नाही. अंगाचे हाल दहा दिवसांत संपले, पण पुढचे तीन-चार महिने पहाटे चारला टक्क जाग, घामाघूम, पोटात खड्डा. कुकरची शिट्टी झाली की दचकायचो, सुपरवायझरने नुसती हाक मारली तरी हातपाय थरथर, आणि अशा वेळी हमखास गोळी आठवायची. घरच्यांना वाटायचं परत सुरू केलं. बायको एकदा माझी बॅग उपसत होती, मला बघून म्हणाली, "अहो, खरं सांगा, काही घेतलंत का?" मी चिडलो, दार आपटलं, जे करायला नको होतं तेच. पुढच्या व्हिजिटला तिलाच आत घेऊन गेलो. ती डॉक्टरांशी बोलत होती, मी गप्प.

सहा महिन्यांनी कॉर्टिसॉल परत केलं, रेंजमध्ये आलं. ब्युप्रेनॉर्फिन चालूच आहे, डोस कमी करायची मला घाई, डॉक्टरांना नाही. पहाटेची जाग अजून आहे, चारची पाच झालीय. तेवढ्यात दूध आणतो, चहा टाकतो, आणि सकाळी कुकर लावायच्या आधी बायको आतून ओरडून सांगते, "शिट्टी होणार आहे हं!"