अॅम्प्लिफायर बंद, तरीही प्रतिध्वनी
एका महाविद्यालयाच्या सभागृहात परदेशातील प्राध्यापिकांचे ऑनलाइन व्याख्यान होते आणि ध्वनिव्यवस्था माझ्याकडे होती. सभागृहात त्यांचा आवाज स्वच्छ येत होता. मात्र उच्चारलेला प्रत्येक शब्द क्षणभराने आपल्याच कानी परत येत असल्याने बोलणे अशक्य झाले आहे, अशी त्यांची तक्रार होती. आयोजक त्यांनाच हेडफोन तपासायला सांगू लागले, तेव्हा मी त्यांना थांबवले. ज्याला स्वतःचा प्रतिध्वनी ऐकू येतो, त्याच्याकडे सहसा दोष नसतो; त्याचा आवाज दुसऱ्या टोकाला पोचून तिथून परत पाठवला जात असतो. दोष आमच्याच बाजूला होता.

साहजिकच सर्वांचा संशय स्पीकरवर गेला. कोणी ते मागे सरकवले, कोणी व्यासपीठावरचा माइक झाकून धरला. मी स्पीकर चालवणारा अॅम्प्लिफायरच बंद केला आणि मिक्सरला, म्हणजे माइक व इतर आवाज एकत्र करणाऱ्या यंत्राला, हेडफोन लावून प्राध्यापिकांशी बोललो. प्रतिध्वनी कायम होता, तोही तितकाच ठळक. याचा अर्थ आवाज हवेतून माइकपर्यंत जातच नव्हता, तो तारेतूनच वळत होता.

वायरी तपासल्यावर उलगडा झाला. लॅपटॉपचा आवाज मिक्सरच्या एका चॅनेलवर येत होता आणि सर्व चॅनेल एकत्र झालेला मुख्य आउटपुट यूएसबी साउंड कार्डातून त्याच लॅपटॉपला माइक म्हणून परत दिलेला होता. शिवाय ईशस्तवनाच्या वेळी पेटीचे सूर तुटू नयेत म्हणून कोणीतरी मीटिंगच्या सॉफ्टवेअरमधील ‘मूळ आवाज’ हा पर्याय चालू केला होता. त्यामुळे एरवी असा प्रतिध्वनी पुसणारी यंत्रणाच बंद पडली होती. मी तो पर्याय आधी बदलला नाही, कारण चुकीची जोडणी सॉफ्टवेअरच्या भरवशावर झाकून ठेवणे मला पटत नाही.

साउंड कार्डाला मुख्य आउटपुटऐवजी ऑक्स आउटपुट, म्हणजे प्रत्येक चॅनेलचा किती आवाज जावा हे वेगळे ठरवता येणारा मिक्सरचा दुसरा मार्ग, जोडला, माइकच्या चॅनेलांचे ऑक्स उघडले आणि लॅपटॉपच्या चॅनेलचा ऑक्स शून्यावर आणला. प्रतिध्वनी तत्काळ थांबला. अॅम्प्लिफायर सुरू केल्यावर स्पीकरचा आवाज व्यासपीठावरच्या माइकमध्ये शिरून थोडासा परत जाऊ लागला. तेवढ्यासाठी मात्र ‘मूळ आवाज’ बंद करणे योग्यच होते, आणि काही क्षणांत तोही विरला. व्याख्यान सुरू झाले. प्रश्नोत्तरांपूर्वी श्रोत्यांमधील फिरत्या माइकचा ऑक्सही आठवणीने उघडला, अन्यथा प्रश्न सभागृहाला ऐकू आले असते, प्राध्यापिकांना नाही.