१९६८ ची जीप आणि एक्सडीपी डिझेल: इंजिन बसले, हवा सापडली

मागील नोंद लिहिली तेव्हा ट्रॅक्टरचे जुने इंजिन साखळीला लटकत होते आणि जीपचे तोंड रिकामे होते. त्याला आता अडीच महिने झाले. एक्सडीपी हे महिंद्राचे डिझेल इंजिन जागेवर बसले आहे, चालू झाले आहे आणि गाडी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून जांबोटीमार्गे कणकुंबीपर्यंत एकदा जाऊन आली आहे. मधल्या काळात दोन गोष्टींनी माझी चांगलीच परीक्षा घेतली. त्या दोन्ही सविस्तर लिहितो, बाकीचे थोडक्यात आटोपतो.

ज्यांनी आधीच्या नोंदी वाचलेल्या नाहीत त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, गाडी महिंद्राची सीजे-३बी, म्हणजे उंच बॉनेटची. मूळच्या हरिकेन पेट्रोल इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह डोक्यावर आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असल्यामुळे ते इंजिन उंच झाले आणि त्याला सामावून घेण्यासाठी बॉनेट वर उचलावे लागले. ते २,१९९ सीसीचे इंजिन माझ्यापर्यंत पोहोचलेच नाही. आपल्या भागात त्या काळी सर्रास चालत असे तसे, आधीच्या मालकांनी ते काढून बी-२७५ ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन बसवले होते आणि आरसीवर तशी नोंदही करून घेतली होती. गाडीचे पहिले नोंदणीपुस्तक कर्नाटक हे नाव पडण्याच्या, म्हणजे १ नोव्हेंबर १९७३ च्या आधीचे असल्याने त्यावर मैसूर राज्याचा शिक्का आहे. ते मी लॅमिनेशन न करता जपून ठेवले आहे.

एक्सडीपीच का, महिंद्राचे डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल इंजिन का नाही, असे अनेकांनी विचारले. याचे उत्तर इंजिनात नसून मागच्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणाऱ्या दातेरी चक्रांच्या पेटीत आहे. गाडी स्टँडवर चढवून दोन्ही मागची चाके एकदम एक फेरा फिरवली, तेव्हा गिअरबॉक्सकडून डिफरन्शियलकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवरची खडूची खूण पाच फेरे पूर्ण करून सहाव्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या थोडी पुढे थांबली. म्हणजे क्राउन (मोठे चक्र) ४३ दातांचा, पिनियन (लहान चक्र) ८ दातांचा, प्रमाण ५.३८. मग टायरच्या कडेला खूण करून गाडी अंगणात ढकलली. एका फेऱ्यात ती २ मीटर २० सेंटिमीटर पुढे गेली. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १,००० मीटर, म्हणजे चाकाचे सुमारे ४५५ फेरे, आणि टॉप गिअरमध्ये इंजिनाचे सुमारे २,४४०. ट्रॅक्टरचे इंजिन दोन हजारांच्या थोडे पुढे गेले की गव्हर्नर (फेऱ्यांवर मर्यादा ठेवणारा भाग) हात आखडता घेई, त्यामुळे पन्नाशीच्या आसपास गाडी अडून राहायची आणि हमरस्त्यावर मागचे ट्रक हॉर्न वाजवून जीव नकोसा करायचे.

महिंद्राच्या २,५२३ सीसी डीआय इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८८.९ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) १०१.६ मिलिमीटर आहे. इंचात मोजले तर साडेतीन आणि चार. लांब स्ट्रोकचे, कमी फेऱ्यांवर जोर देणारे ते इंजिन आहे, म्हणजे स्वभावाने ट्रॅक्टरच्याच घराण्यातले. ते बसवले असते तर ताकद वाढली असती, पण तक्रार तशीच राहिली असती. प्यूजोच्या परवान्यावर महिंद्राने बनवलेल्या एक्सडीपी ४.९० चा बोअर ९० आणि स्ट्रोक ८३, एकूण २,११२ सीसी. चार सिलिंडर आणि नव्वदचा बोअर, हे त्याच्या नावातच आले. आखूड स्ट्रोकमुळे ते मोकळेपणाने फिरते. ३,००० फेऱ्यांवर माझी गाडी ७३-७४ च्या वेगाने जाते आणि इंजिन तेव्हाही धापा टाकत नाही. डिफरन्शियल बदलून डीआय बसवणारे माझे स्नेही हा हिशेब मान्य करणार नाहीत, पण मला दोन्ही अॅक्सल उघडायचे नव्हते. शिवाय साध्या ड्रम ब्रेकच्या या गाडीला पंचाहत्तरच्या पुढे नेणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

पहिली परीक्षा घेतली ती अॅडॅप्टर प्लेटने. मला मिळालेल्या इंजिनाची बेल हाउसिंग (क्लचवरचे घंटेच्या आकाराचे आवरण) आणि माझा तीन गिअरचा टी-९० बॉक्स यांची भोके जुळत नव्हती. दोन्ही जोडण्यासाठी बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर चार सुती प्लेट कापून घेतली. (ज्यांना सुताचा हिशेब ठाऊक नाही त्यांच्यासाठी: आठ सुतांचा एक इंच. प्रत्यक्षात ती बारा मिलिमीटरची प्लेट होती.) प्लेट बसवून गिअरबॉक्स लावून पाहिला तर तो अगदी सुरेख बसला, आणि मी बोल्ट आवळण्याच्या तयारीत असताना मिस्त्री म्हणाले, “मालक, डोळ्याला सरळ दिसतंय, पण एकदा डायलला विचारा.” डायल गेज (बारीक फरक मोजणारे घड्याळी मापक) फ्लायव्हीलवर चुंबकाने बसवला, त्याचा काटा प्लेटच्या मधल्या भोकाच्या आतल्या कडेला टेकवला आणि क्रँक हाताने सावकाश फिरवला. वरच्या बाजूला शून्य धरले; उजवीकडे ०.०८, खाली ०.२२ आणि डावीकडे ०.१४ मिलिमीटर असे आकडे आले. समोरासमोरच्या आकड्यांची बेरीज दोन्हीकडे सारखी येते, म्हणजे मोजमाप बरोबर होते आणि प्लेट चुकलेली होती. फरकाचा निम्मा भाग ही खरी सरक, म्हणजे उभ्या दिशेने ०.११ आणि आडव्या दिशेने ०.०३.

एकूण फरक ०.१३ च्या आत असावा असा सर्वसाधारण दंडक आहे. एक दशांश मिलिमीटरने काय होते, असे वाटणे साहजिक आहे. पण गिअरबॉक्सचा शाफ्ट क्रँकच्या टोकातल्या बुशमध्ये आणि बॉक्सच्या बेअरिंगमध्ये अशा दोन ठिकाणी धरलेला असतो. ही दोन केंद्रे एका रेषेत नसतील तर प्रत्येक फेऱ्याला शाफ्ट वाकवला जातो, बुश खाल्ला जातो आणि पुढे टॉप गिअर आपोआप सुटू लागतो. जुने डॉवेल (जागा पक्की करणाऱ्या खुंट्या) काढून, भोके सरकवून नव्याने बोअर केली आणि फरक ०.०६ वर आणला. प्लेटच्या जाडीमुळे गिअरबॉक्स बारा मिलिमीटर मागे सरकला होता, त्यामुळे शाफ्टचे टोक बुशमध्ये जेमतेम पोहोचत होते. त्यासाठी गनमेटलचा लांब बुश करून घेतला. क्लच प्लेट एक्सडीपीच्या मापाची, पण हब टी-९० च्या शाफ्टचा, अशी रिवेट करून घ्यावी लागली.

माउंटिंग आणि संप (इंजिनाखालचे तेलाचे भांडे) यांबद्दल विशेष सांगण्यासारखे नाही. चॅसीला कुठेही गॅस कटर लावायचा नाही एवढा एकच नियम मी पाळला. जुन्या मालकांनी कापलेला क्रॉस मेंबर मात्र सांधून पूर्ववत केला. पुढचा अॅक्सल जॅकने बम्प स्टॉपपर्यंत, म्हणजे तो वर जाऊ शकतो त्या शेवटच्या टोकापर्यंत, उचलून संपच्या खाली किती जागा राहते ते पाहिले, ती ३५ मिलिमीटर भरली. ही तपासणी गाडी उभी असताना डोळ्यांनी करू नये.

दुसरी परीक्षा अधिक त्रासदायक होती. इंजिन पहिल्या दिवशी हीटर तापवताच दुसऱ्या सेल्फला चालू झाले, आणि तीन दिवस उत्तम चालल्यानंतर शेताच्या बांधावर हुंदके देऊन बंद पडले. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हँड प्रायमर मारला तर फेस आला, म्हणजे लाइनमध्ये हवा होती. हवा काढली, इंजिनने वीस मिनिटे साथ दिली आणि पुन्हा तेच. मी पंपाचे सगळे तांब्याचे वॉशर बदलले, इंजेक्टरचे नट तपासले, पण कुठेही डिझेलचा एक थेंबही गळत नव्हता.

माझी चूक इथेच होत होती. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या लिफ्ट पंपाच्या पुढची लाइन दाबाखाली असते, तिथे फट पडली तर डिझेल बाहेर येते. पंपाच्या अलीकडची लाइन मात्र ओढीखाली असते. तिथल्या फटीतून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते, आणि बाहेरून सगळे कोरडे ठणठणीत दिसते. शेवटी फिल्टरच्या आधी हातभर पारदर्शक नळी जोडली आणि इंजिन चालू ठेवून तिच्याकडे पाहत बसलो. मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येत होते. टाकी काठोकाठ भरली की ते थांबत आणि निम्म्याखाली गेली की पुन्हा सुरू होत. ही टाकी चालकाच्या आसनाखाली असते. तिच्या निम्म्या उंचीवर जुन्या पेट्रोल लाइनचा एक हाताने फ्लेअर केलेला (नळीचे तोंड पसरवून बसवलेला) जोड होता. टाकी भरलेली असताना डिझेल स्वतःच्या वजनाने तिथवर येई, पातळी खाली गेली की पंपाला ते ओढून घ्यावे लागे आणि त्या ओढीत जोड हवा पिई. तो तुकडा काढून अखंड नळी टाकली, रिटर्न लाइन (उरलेले डिझेल परत आणणारी नळी) टाकीच्या तळाजवळ सोडली, आणि तेव्हापासून बुडबुडा दिसलेला नाही. पारदर्शक नळी मात्र मी आठवडाभर मुद्दाम तशीच ठेवली होती.

कागदपत्रांबाबत सावध राहा. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ खाली इंजिन बदलासाठी नोंदणी कार्यालयाची परवानगी लागते. माझ्या आरसीवर इंधन आधीपासून डिझेल आहे आणि नवे इंजिनही महिंद्राचेच आहे, म्हणून अर्ज करता आला. इंजिन क्रमांक असलेली खरेदीची पावती नसेल तर इंजिन कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी २०२१ च्या नियमांनी आणलेली ‘व्हीए’ मालिकेची विंटेज नोंदणी मला मिळणार नाही, कारण तिच्यासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते. ती नोंदणी घेतली असती तरी गाडी रोजच्या वापरात ठेवता आली नसती. माझी जीप भाताच्या शेतात जाते.

कणकुंबीच्या फेरीत लो फर्स्टमध्ये, म्हणजे ट्रान्स्फर केस (गिअरबॉक्समागची दुसरी गिअरपेटी) लोमध्ये ठेवून पहिल्या गिअरवर, चढ चढून पाहिला. टी-९० चा पहिला गिअर २.८०, ट्रान्स्फर केसचा लो २.४६ आणि डिफरन्शियल ५.३८ मिळून ३७ पट होतात; हजार फेऱ्यांवर गाडी माणसाच्या चालीपेक्षाही हळू चालते. पहिल्या गिअरला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर सहज पडू देणारी सोय) नसल्याने तो चढाच्या आधीच टाकून घ्यावा लागतो. तापमानाचा काटा मधल्या खुणेच्या पुढे गेला नाही, पण पाऊस इतका होता की रेडिएटरची खरी कसोटी उन्हाळ्यातच लागेल.

पुढचे काम वायपरचे आहे. मूळचा वायपर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो आणि डिझेल इंजिनाला थ्रॉटल नसल्यामुळे व्हॅक्यूम मिळत नाही, म्हणून ट्रॅक्टरचे इंजिन बसले तेव्हापासून तो निर्जीव आहे. बारा व्होल्टची मोटर आणून ठेवली आहे, ब्रॅकेट व्हायचा आहे. तोवर त्याच्या मागे हाताने फिरवायची दांडी आहे. जांबोटीपासून कणकुंबीपर्यंत ती मिस्त्रींनी फिरवली आणि परतताना, स्टिअरिंग त्यांच्या हाती देऊन, मी.